जमिनीवर ‘फर्स्ट चार्ज’ म्हणजे आरोप नव्हे: ‘चार्ज’ या एका शब्दाबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अण्णांनी विहीर आणि ठिबकसाठी बँकेकडं कर्ज मागितलं, मंजुरीचं पत्र इंग्रजीत आलं, त्यात एका पानावर ‘चार्ज’ हा शब्द सहा वेळा आहे, मोबाइलवर भाषांतर केलं तर ‘तुमच्या जमिनीवर पहिला आरोप निर्माण केला जाईल’ असं आलं आणि ते ऐकल्यापासून अण्णा दोन रात्री नीट झोपले नाहीत. डिक्शनरी उघडली तर वीस-पंचवीस अर्थ, मग नेमका कुठला अर्थ कुठं घ्यायचा हे ओळखायचं कसं.

आधी अण्णांना आत्ता जाऊन सांगा की कुणी कसलाही आरोप केलेला नाही. त्या वाक्याचा अर्थ ‘जमिनीवर बँकेचा पहिला बोजा चढेल’ एवढाच आहे. बोजा म्हणजे काय हे त्यांना तुमच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा जास्त चांगलं माहिती आहे, सातबाऱ्याच्या इतर हक्कात सोसायटीचा बोजा त्यांनी आयुष्यभर बघितलाय. हे सांगून या, मग पुढचं निवांत वाचा, कारण तुमचा दुसरा प्रश्न, अर्थ ओळखायचा कसा, हा माझ्या रोजच्या कामाचा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर दोन ओळीत होत नाही.

मी गेली चोवीस वर्षं इंग्रजी-मराठी भाषांतर करतोय, बहुतेक काम कोर्टाच्या कागदांचं, बँकांचं, सरकारी अहवालांचं, मध्येमध्ये कारखान्यांची मॅन्युअलं. या सगळ्यात मला सगळ्यात जास्त वेळा थांबवणारा शब्द कुठला असं कुणी विचारलं तर तो कुठलाही अवघड लॅटिन शब्द नाही, तो चार्ज आहे. थांबवतो अशासाठी की तो सोपा वाटतो. मोबाइल चार्जिंगला लाव, डॉक्टरनं किती चार्ज केला, साहेबांनी चार्ज घेतला, पोलिसांनी लाठीचार्ज केला, चार्जशीट दाखल झालं, पेशंटला डिस्चार्ज मिळाला, ही सगळी वाक्यं इंग्रजी न शिकलेला माणूसही रोज बोलतो. म्हणजे शब्द आपल्या घरातलाच झालाय आणि म्हणून भाषांतर करताना आपण त्याच्याकडं नीट बघत नाही, पहिला सुचेल तो अर्थ ठोकून देतो.

मला हा शब्द कळला तो याचं मूळ शोधल्यावर. लॅटिनमध्ये ‘कारुस’ म्हणजे माल वाहायची गाडी, त्यावरून ‘कारिकारे’ म्हणजे गाडीवर माल लादणे, ते जुन्या फ्रेंचमध्ये ‘शार्जे’च्या वळणानं गेलं आणि तिथून इंग्रजीत चार्ज झालं. आपली मोटारगाडी ती कार, जहाजातला माल तो कार्गो, उचलून नेणे ते कॅरी, हे सगळे एकाच घरातले. म्हणजे चार्जचा सगळ्यात जुना अर्थ आहे ओझं लादणे, गाडी भरणे. हे एकदा डोक्यात बसलं की डिक्शनरीतले पंचवीस अर्थ पंचवीस राहत नाहीत. प्रत्येक वेळी फक्त विचारायचं: इथं कुणावर काय लादलंय? जमिनीवर कर्ज लादलं तर बोजा. माणसावर गुन्हा लादला तर आरोप. गिऱ्हाइकावर पैसे लादले तर आकार. अधिकाऱ्यावर काम लादलं तर कार्यभार. बंदुकीत दारू लादली तर बार.

आणि आता बघा, ही गोष्ट मला फार आवडते, मराठीनं या प्रत्येक ठिकाणी जो शब्द निवडला तोही बहुतेक ओझ्याचाच आहे. बोजा तर उघडच आहे. कार्यभार, पदभार, अतिरिक्त कार्यभार, प्रभारी मुख्याध्यापक, यात सगळीकडं भार. विज्ञानाच्या पुस्तकात प्रभार, धनप्रभारित, ऋणप्रभारित. राहिला आरोप. त्यात ओझं दिसत नाही ना? पण आरोप हा शब्द आ आणि रुह् या धातूपासून आलाय, रुह् म्हणजे चढणे-उगवणे, त्यावरून आरोहण, आणि त्याचं प्रयोजक रूप म्हणजे आरोपण, चढवणे. वृक्षारोपणातलं रोपण तेच. म्हणजे आरोप म्हणजे कुणावर तरी काहीतरी चढवणे. आणि तलाठी ऑफिसात आपण काय म्हणतो? बोजा ‘चढवला’. तर तुमच्या मोबाइलनं बोजाच्या जागी आरोप टाकला तेव्हा त्यानं मुळात एकाच कुटुंबातला चुकीचा भाऊ उचलला होता. चूक ती चूकच, पण कुठून आली ते तरी कळतं.

आता जमिनीकडं नीट बघू कारण तुमचा जीव तिथं अडकलाय. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा, त्याच्या कलम १०० मध्ये चार्जची व्याख्या आहे. सोप्या भाषेत: एकाची स्थावर मालमत्ता दुसऱ्याच्या पैशासाठी सुरक्षा म्हणून बांधली गेली, दोघांच्या ठरावानं किंवा कायद्यानं आपोआप, आणि तो व्यवहार गहाणाच्या व्याख्येत बसत नसेल, तर तो चार्ज. गहाणात मालमत्तेतला एक हितसंबंध सावकाराकडं जातो, चार्जमध्ये तसा जात नाही, फक्त त्या मालमत्तेतून पैसे वसूल करायचा हक्क बसतो. म्हणून भाषांतरात चार्जला गहाण लिहू नका, बरेच जण लिहितात. गहाण, तारण, नजरगहाण (ट्रॅक्टर किंवा माल आपल्याच ताब्यात राहतो पण बँकेकडं बांधलेला असतो ते), बोजा, हे चारही शब्द आपल्याकडं वेगवेगळे आहेत, बँकेतले जुने मराठी क्लार्क ते अगदी काटेकोर वापरायचे, आपणही वापरावेत.

त्याच कलमात पुढं असं आहे की ज्यानं पैसे मोजून आणि बोजाची माहिती नसताना ती मालमत्ता घेतली त्याच्याविरुद्ध तो चार्ज चालवता येत नाही. सातबाऱ्यावर नोंद करायला बँक एवढी घाई का करते ते यातून लक्षात येईल, नोंद दिसत असेल तर मला माहितीच नव्हतं असं म्हणणं घेणाऱ्याला जड जातं. सोसायटीच्या पीककर्जाचंही तसंच, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ४८ खाली सभासद जे घोषणापत्र लिहून देतो, ज्याला गावात इकरार म्हणतात, त्यानंही जमिनीवर चार्जच बसतो. अण्णांनी इकरार केलाच असेल कधीतरी, म्हणजे त्यांनी चार्ज आधीच एकदा पचवलाय, फक्त त्याचं इंग्रजी नाव त्यांच्या कानावर आलं नव्हतं. ‘फर्स्ट’ म्हणजे वसुलीच्या रांगेत बँक पहिली, एवढंच. दोन बँका बरोबरीच्या हक्कानं असतील तर कागदात ‘पारी पासू चार्ज’ येतं, समान हक्काचा बोजा. कंपन्यांच्या कागदात आणखी एक जोडी येते, फिक्स्ड चार्ज आणि फ्लोटिंग चार्ज, पहिला ठरलेल्या मशिनवर किंवा इमारतीवर, दुसरा रोज बदलणाऱ्या मालसाठ्यावर, तो तरता बोजा. कंपनीला असा बोजा निर्माण झाल्यापासून ३० दिवसांत कंपनी निबंधकाकडं नोंदवायला लागतो, कंपनी कायदा २०१३, कलम ७७.

आणि याच ‘फिक्स्ड चार्ज’ची दुसरी जागा तुमच्या घरात आहे. लाइट बिल काढा. महावितरणच्या बिलात ‘स्थिर आकार’ अशी ओळ असते, इंग्रजीत तो फिक्स्ड चार्ज. त्याखाली वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार. मग एक ओळ वेगळी येते, वीज शुल्क. माझ्याकडं येणारी नवी मुलं आकार आणि शुल्क एकच समजतात, पण त्या बिलावर बघा किती शहाणपणानं शब्द वेगळे ठेवलेत, आकार म्हणजे चार्ज, तो वीज देणारी कंपनी आकारते, आणि शुल्क म्हणजे ड्युटी, ती राज्य सरकारला जाते. त्याच बिलावर वर कुठंतरी ‘मंजूर भार’ लिहिलेलं असेल, तो सँक्शन्ड लोड. म्हणजे विजेच्या जगात भार ही जागा लोडनं घेतली, भारनियमन शब्द त्यातनंच आला, म्हणून चार्जला प्र लावून प्रभार करावं लागलं आणि पैशाच्या चार्जला आकार द्यावा लागला. एका ए-फोर कागदावर तीन वेगळ्या संकल्पना तीन वेगळ्या शब्दांनी नीट उभ्या आहेत. कुणी केलं हे काम मला माहिती नाही पण ज्यानं केलं त्याला विजेचंही कळत होतं आणि मराठीचंही, मी शिकवताना पहिल्या दिवशी लाइट बिलच आणायला सांगतो.

विजेत चार्ज शिरला कसा तेही सांगतो, छोटीशी गोष्ट आहे. आधी तो तोफखान्यात होता, तोफेत किंवा बंदुकीत एका वेळी ठासायची दारू म्हणजे चार्ज. आपल्याकडं त्याला बार म्हणतात, बार भरला, बार उडाला, सुरुंगाचा बार. १७४० च्या दशकात बेंजामिन फ्रँकलिन काचेच्या बरण्यांत वीज साठवायचे प्रयोग करत होता, बरणी विजेनं ‘भरली’ याला त्यानं चार्ज शब्द वापरला आणि अशा बऱ्याच बरण्या ओळीनं जोडल्या त्याला बॅटरी म्हटलं, तोही तोफांच्या रांगेचा शब्द. म्हणजे मोबाइलची बॅटरी चार्ज करणे या वाक्यातले दोन्ही शब्द लष्करातून आलेत. खाणीत अजून चार्ज भरतात, फाउंड्रीतही. आमच्या कोल्हापूर भागात फाउंड्र्या खूप, तिथं भट्टीत एका खेपेला टाकायचं पिग आयर्न, स्क्रॅप, कोक, चुनखडी, या सगळ्याला चार्ज म्हणतात, कामगार ‘चार्ज टाकला का’ असंच विचारतात. एका मॅन्युअलच्या जुन्या भाषांतरात मी ‘भट्टीचे शुल्क वेळेवर भरावे’ असं वाचलंय. वितळलेल्या लोखंडाजवळ उभ्या असलेल्या माणसासाठी लिहिलेल्या सूचनेत हे असं, त्यामुळं मला ते बघून राग आला होता आणि अजूनही येतो.

कोर्टाचा चार्ज. यात पेपरवालेही घोळ घालतात म्हणून जरा सावकाश सांगतो. पोलीस तपास संपवून कोर्टात जे देतात त्याला आपण चार्जशीट म्हणतो, आरोपपत्र किंवा दोषारोपपत्र. कायद्याच्या ज्या कलमात ते येतं (जुन्या दंड प्रक्रिया संहितेत १७३, आता १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १९३) तिथं त्याचं नाव पोलीस रिपोर्ट आहे. ते दाखल झालं म्हणजे कोर्टानं चार्ज लावला असं होत नाही. कोर्ट ते कागद बघतं, दोन्ही बाजू ऐकतं आणि मग वाटलं तर स्वतः चार्ज ‘फ्रेम’ करतं, दोषारोप निश्चित करतं, आरोपीला वाचून दाखवतं आणि विचारतं गुन्हा कबूल आहे का. ही पायरी वेगळी. म्हणून ‘चार्जशीट फाइल्ड’ आणि ‘चार्जेस फ्रेम्ड’ या दोन्हीला ‘आरोप दाखल’ असं एकच लिहिलं तर एखाद्या माणसाचा खटला तुम्ही कागदावर एक मोठी पायरी पुढं ढकलून दिला. खात्याच्या चौकशीत पण चार्जशीट असतं, महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम १९७९ मधल्या नियम ८ खालचं, तिथं पोलीस नाहीत, गुन्हा नाही, शिस्तभंग आहे, वाचणाऱ्याला ते कळेल असं लिहायला पाहिजे.

यातला सगळ्यात फसवा चार्ज मी एका जुन्या निकालपत्रात बघितला. नानावटी खटला बऱ्याच जणांना माहितीय, १९५९ चा, मुंबईचा, नौदल अधिकारी नानावटीवरचा खुनाचा. ज्यूरीनं, म्हणजे निवाडा द्यायला बसवलेल्या सामान्य नागरिकांच्या मंडळानं, त्याला आठ विरुद्ध एक मतानं निर्दोष ठरवलं, सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही म्हणून त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडं पाठवलं, तिथं शिक्षा झाली, १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती कायम केली. या सगळ्या निकालांत पुन्हा पुन्हा येतं: ‘चार्ज टु द ज्यूरी’, आणि त्यात ‘मिसडायरेक्शन’ होतं का याची पानंच्या पानं चर्चा. हा चार्ज आरोप नाही. पुरावा संपल्यावर न्यायाधीश ज्यूरीला बसवून समजावून सांगायचे की कायदा असा आहे, तुम्ही या या प्रश्नांवर मत द्यायचंय, ते निवेदन म्हणजे चार्ज. ज्यूरीच्या डोक्यावर जबाबदारी ठेवली, म्हणून. त्या निवेदनात कायदा चुकीचा किंवा अपुरा सांगितला गेला म्हणून ज्यूरीचा निर्णय टिकला नाही, खटल्याचा अख्खा कणा तिथं आहे. आता याचं ‘ज्यूरीवरील आरोप’ असं भाषांतर झालं तर वाचणाऱ्याला वाटेल ज्यूरीनं लाच खाल्ली की काय. ज्यूरी आपल्याकडून गेली, त्याबरोबर हा अर्थही मराठी कानातून गेला, जुने निकाल वाचणाऱ्या वकिलीच्या मुलांनी तेवढा लक्षात ठेवावा.

जबाबदारीचा हाच अर्थ दुसरीकडंही फसवतो आणि तिथं मी स्वतः चुकलोय. सुरुवातीची वर्षं, एका अहवालाचं काम, वाक्य होतं की ‘द कमिटी चार्ज्ड विथ एक्झामिनिंग द मिसयूज ऑफ फंड्स’ अमुक दिवशी भेटली. मी त्या आठवड्यात सलग कोर्टाचे कागद करत होतो, ‘चार्ज्ड विथ’ दिसलं की हात आपोआप आरोपाकडं वळायचा, मी लिहून गेलो ‘निधीच्या गैरवापराचा आरोप असलेली समिती’. ज्या समितीकडं चौकशीचं काम सोपवलं होतं तिलाच मी आरोपी केलं. छापायच्या आधी एका वयस्कर मुद्रितशोधक बाईंनी फोन करून विचारलं, अहो, मग चौकशी कोण करतंय? त्या एका प्रश्नानं मी वाचलो, आणि त्या समितीतली माणसंही वाचली. ‘चार्ज्ड विथ मर्डर’ म्हणजे खुनाचा आरोप, ‘चार्ज्ड विथ द ड्युटी’ म्हणजे कर्तव्य सोपवलेलं. विथ तेच, पुढचं नाम बघायचं: ते पाप आहे का काम आहे?

असंच ‘इन चार्ज’चं. ‘नर्स इन चार्ज ऑफ द पेशंट’ म्हणजे पेशंट नर्सच्या ताब्यात, आणि मध्ये एक ‘द’ घातला, ‘पेशंट इन द चार्ज ऑफ द नर्स’, तरी ताबा नर्सचाच, वाक्य मात्र उलटं झालं. आणि नुसतं ‘हर चार्जेस’ असं एखाद्या आयाबद्दल किंवा शिक्षिकेबद्दल आलं तर तिची फी नाही, तिच्यावर सोपवलेली पोरं. दूतावासात राजदूत नसताना काम बघतो तो ‘शार्जे द’फेअर’, मराठीत प्रभारी राजदूत, फ्रेंचमध्ये अर्थ तोच, कारभार सोपवलेला.

परदेशी गेलेल्या आपल्या लोकांना हाच भार आणखी एका रूपात भेटतो. अमेरिकेत आईवडिलांना कायमचं बोलवायचं तर मुलाला आय-८६४ नावाचं प्रतिज्ञापत्र भरावं लागतं, की यांचा खर्च मी उचलेन, हे ‘पब्लिक चार्ज’ होणार नाहीत. एका काकूंनी तो कागद मला दाखवून विचारलं होतं, माझ्यावर पब्लिक आरोप का करेल? आरोप नाही काकू, सरकारच्या गळ्यात पडणारं ओझं असा त्याचा अर्थ. अमेरिकेच्या १८८२ च्या इमिग्रेशन कायद्यात हा शब्द आहे, आणि योगायोग असा की आपल्या जमिनीवरच्या चार्जचा कायदाही त्याच सालचा, १८८२. तिकडं माणूस सरकारवर भार होऊ नये म्हणून, इकडं जमिनीवर कर्जाचा भार लिहून ठेवायला.

सरकारी बजेटमध्ये अजून एक आहे, स्पर्धा परीक्षेच्या मुलांना तो पाठ असतो. राज्याच्या अर्थसंकल्पात खर्चाचे दोन रकाने दिसतात, दत्तमत आणि भारित. भारित म्हणजे ‘चार्ज्ड’, राज्याच्या एकत्रित निधीवर घटनेनंच लादलेला खर्च, राज्यपालांचं वेतन, विधानसभेच्या अध्यक्षांचं, हायकोर्टाच्या न्यायाधीशांचं, कर्जावरचं व्याज, यावर सभागृहात चर्चा होऊ शकते पण मत घेतलं जात नाही. घटनेचं कलम २०२ आणि २०३. या यादीत ‘डेट चार्जेस’ असा शब्दही आहे, म्हणजे चार्ज्ड खर्चाच्या पोटात आणखी एक चार्ज, पहिला भारित आणि दुसरा कर्जापोटीचा खर्च. एकाच वाक्यात एकच शब्द दोन अर्थानं येतो तेव्हा ‘सगळीकडं एकच प्रतिशब्द ठेवा’ हा नियम गुंडाळून ठेवायचा असतो.

लढाईतला चार्ज पटकन सांगतो. घोडदळ सगळ्या वजनानिशी शत्रूवर जाऊन पडतं ते चार्ज, क्रिमियाच्या युद्धातला १८५४ च्या बालाक्लाव्हाचा प्रसिद्ध आहे, पण आपल्या मातीतला हवा असेल तर १८०३ ची असईची लढाई घ्या, आजच्या जालना जिल्ह्यातली, तिथल्या इंग्रज घोडदळाच्या ‘चार्ज’ची वर्णनं वाचा. मराठीत चालून जाणे, हल्ला चढवणे. पुन्हा चढवणेच आलं बघा. लाठीचार्ज त्यातला, पेपरवाले लाठीमार लिहितात ते छान आहे.

डिस्चार्ज मात्र वगळता येत नाही कारण तो याचा उलटा भाऊ, ओझं उतरवणे. दवाखान्यातून घरी सोडणे हा डिस्चार्ज सगळ्यांना कळतो, जखमेतून वाहतं तो स्राव पण डिस्चार्ज, कर्ज फेडून मोकळं होणे डिस्चार्ज, कर्तव्य पार पाडणे डिस्चार्ज. पावसाळ्यात खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडतात तेव्हा बातमीत येतो तो ‘विसर्ग’, इतक्या हजार क्युसेकचा, तो डिस्चार्ज. हा शब्द मला मराठीतला फार देखणा शब्द वाटतो, विसर्ग, सोडून देणे. कोर्टात डिस्चार्ज म्हणजे दोषमुक्ती, दोषारोप निश्चित व्हायच्या आधीच कोर्टानं सोडणे, आणि खटला पूर्ण चालून सुटका होते ती निर्दोष मुक्तता, अॅक्विटल. ‘दोषमुक्तीसाठी अर्ज’ अशी बातमी असते तेव्हा त्या माणसाचा खटला अजून उभाच राहिलेला नसतो. हे दोन्ही एकमेकांच्या जागी लिहू नयेत, त्यावर माणसाच्या नावाचा निकाल असतो.

आता ओळखायची युक्ती. मी चार्ज दिसला की चार्जकडं बघतच नाही, त्याच्या शेजारचा छोटा शब्द बघतो. ‘ऑन’ असेल तर बहुतेक बोजा किंवा भार. ‘अगेन्स्ट’ असेल तर आरोप. ‘फॉर’ असेल तर पैसे. ‘अॅट’ असेल तर कुणीतरी अंगावर धावून जातंय. ‘टु’ असेल तर खात्यात नावे टाकलंय (ज्यूरी सोडून). ‘ऑफ’ला दोन तोंडं, ‘चार्ज ऑफ थेफ्ट’ म्हणजे चोरीचा आरोप, ‘टेक चार्ज ऑफ द ऑफिस’ म्हणजे कार्यभार. ‘विथ’चं वर सांगितलं. शेजारी काहीच नसेल आणि अनेकवचन असेल तर बहुतेक वेळा पैसेच. आणि वातावरण, भाषण, आवाज यांच्या आधी ‘चार्ज्ड’ आलं तर त्याला भारलेलं म्हणावं, ‘भारलेलं वातावरण’, आणखी काही शोधायला जाऊ नका.

आता तुमच्या पत्रातली सहाही वाक्यं घेऊ, तुम्ही पाठवल्या त्या क्रमानं. जमिनीवर ‘फर्स्ट चार्ज’: बँकेचा पहिला बोजा. ‘प्रोसेसिंग चार्जेस’: प्रक्रिया शुल्क म्हणतात बँका, अण्णांना सांगताना कागदपत्रांचा खर्च म्हणा. तिसरं, हप्ता चुकला तर दंडाची रक्कम ‘शॅल बी चार्ज्ड टु युवर अकाउंट’: तुमच्या खात्यात नावे टाकली जाईल. चौथं सगळ्यात महत्त्वाचं आणि नेमकं ते तुम्ही ‘फुकट’ असं समजून सोडून दिलंय: जमीन ‘फ्री फ्रॉम ऑल चार्जेस अँड एनकम्ब्रन्सेस’ असली पाहिजे. ‘फ्री ऑफ चार्ज’ म्हणजे फुकट, ‘फ्री फ्रॉम ऑल चार्जेस’ म्हणजे जमिनीवर दुसऱ्या कुणाचा बोजा, गहाण, वाद काही नाही. अण्णा यावर सही करणार म्हणजे तसं लिहून देणार. सोसायटीचा जुना बोजा त्या गटावर अजून चढलेला असेल, कर्ज फिटलं असलं तरी नोंद तशीच राहिलेली असते बऱ्याचदा, किंवा सामाईक सातबाऱ्यावर चुलत्यांच्या कर्जाचा असेल, तर हे वाक्य खोटं ठरतं. सही करायच्या आधी आजचा सातबारा काढा आणि इतर हक्काचा रकाना शेवटपर्यंत वाचा. पाचवं, ‘ऑफिसर इन चार्ज’: शाखेतला प्रभारी अधिकारी, अडचण आली तर भेटायचं त्यांना. सहावं, कर्ज फिटल्यावर ‘द चार्ज शॅल बी रिलीज्ड’: बोजा उतरवला जाईल.

हे सहावं वाक्य वाचून लोक निर्धास्त होतात आणि तिथं चुकतात, कारण बँकेनं मोकळं केलं तरी सातबाऱ्यावरची नोंद आपणहून पुसली जात नाही. शेवटचा हप्ता भरला की बँकेकडून ना-देय दाखला आणि बोजा कमी करण्याचं पत्र दोन्ही मागून घ्यायचं, ते घेऊन तलाठ्याकडं किंवा ई-हक्क या सरकारी ऑनलाइन सेवेवर ‘बोजा कमी करणे’चा अर्ज करायचा, फेरफार पडतो, मंडळ अधिकारी तो मंजूर करतात, आणि मग नवीन सातबारा काढून इतर हक्कात बँकेचं नाव खरंच गेलंय का ते आपल्या डोळ्यांनी बघायचं. सोसायटीची जुनी नोंद राहिली असेल तर तिच्यासाठीही हेच करा, आणि ते या आठवड्यातच करा, मंजुरीच्या पत्रावर मुदत असते.